खाऊच्या पैशांचा हिशेब

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी अल्पवयीनांच्या बँक खात्यांविषयीचे नियम एकत्र करून नव्याने मांडले. दहा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या नावाने बचत खाते वा मुदत ठेव उघडता येईल आणि ती स्वतः चालविता येईल. रकमेची मर्यादा प्रत्येक बँकेने आपली जोखीम पाहून ठरवावी, असे त्यात म्हटले आहे. बँकांनी १ जुलै २०२५ पर्यंत आपली धोरणे त्याप्रमाणे जुळवून घ्यायची होती. तशी मुभा २०१४ पासूनच होती आणि टपाल खात्यात तर दहा वर्षांच्या मुलाचे खाते ही जुनीच गोष्ट आहे. बँकेचे दार म्हणजे कधीचेच उघडे आहे. प्रश्न घराचा आहे. दहाव्या वर्षी जे मूल बँकेच्या खिडकीसमोर उभे राहणार, त्याला तोपर्यंत घराने पैशाविषयी काय शिकविलेले असते?

बहुसंख्य मध्यमवर्गीय मराठी घरांत याचे प्रामाणिक उत्तर ‘काही नाही’ असेच येईल. मुलांना इंग्रजी यावे, गणित यावे, पोहता यावे, एखादे वाद्य वाजविता यावे, यासाठी घरे जिवाचे रान करतात. पैशाचा विषय मात्र मुलांसमोर काढायचा नाही, असा अलिखित दंडक असतो. आई-वडील गृहकर्जाच्या हप्त्याविषयी बोलत असताना मूल खोलीत आले की बोलणे थांबते, किंवा इंग्रजीत सुरू होते. या संकोचामागे एक चांगली भावनाही आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. नाती पैशात मोजली जाऊ नयेत, कोवळे मन हिशेबी होऊ नये, घरातली विवंचना मुलांपर्यंत पोहोचू नये, असे पालकांना वाटते. पण मुलाला विवंचना कळतेच. फक्त तिचे नाव कळत नाही. जिच्याविषयी घरात कुजबुज होते ती गोष्ट भीतीची किंवा लाजेची असते, एवढे त्याच्या मनात पक्के बसते. आणि ज्या घरात विवंचना नसते, तिथे पैसा ही तोटी फिरविली की येणाऱ्या पाण्यासारखी वस्तू आहे, अशी त्याची समजूत होते.

हा संकोच परंपरेने दिला, असे मानण्याची एक रीत आहे. ती बरोबर नाही. चार पुरुषार्थांत अर्थाला दुसरे स्थान आहे. त्याला धर्माची चौकट घातली आहे, पण त्याला वगळलेले नाही. समर्थांनी दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभीच परमार्थाआधी प्रपंच नीट करावयास सांगितला. तुकोबांचे घराणे महाजनकीचे. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, हे सर्वांना ठाऊक असते. धाकट्या भावाच्या वाट्याची खते मात्र त्यांनी भावाच्या हवाली केली, हा चरित्रकारांनी सांगितलेला भाग सहसा कोणी सांगत नाही. विरक्तीच्या त्या क्षणीसुद्धा आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, हे त्यांनी चुकू दिले नाही. मुलांना ही कथा सांगताना नेमका तोच भाग गाळला जावा, हे मोठे विचित्र आहे.

जुन्या घरांतही पैशावर व्याख्याने कोणी देत नसे. तिथे नाणीच शिकवीत असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वी सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा होता. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली जाई, ती केवळ मास्तरांच्या छडीसाठी नव्हे, तर बाजारात कोणी फसवू नये म्हणूनही. सात-आठ वर्षांच्या मुलाला वाण्याकडे पिटाळले जाई. सामान पिशवीत, उरलेली मोड मुठीत. घरी येऊन ती आईसमोर ओतायची आणि तिने मोजेपर्यंत उभे राहायचे. त्यात वजाबाकी होती, सचोटी होती आणि रुपयात काय काय येते याचा अंदाजही होता. कित्येक शाळांत ‘संचयिका’ चाले. मुलांनी आणलेली चिल्लर त्यांच्या नावावर लिहिली जाई. उडुपीत १९२८ साली, पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेने रोजच्या दोन आण्यांची पिग्मी ठेव सुरू केली. तो शब्द महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी असा उचलला की दुकानदारांच्या मुलांना संध्याकाळी येणारे ‘पिग्मीवाले काका’ घरच्या माणसासारखेच वाटत.

आज त्या मुठीत काहीच नसते. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि पाहता पाहता चहाच्या टपरीपासून सोन्याच्या पेढीपर्यंत सगळीकडे कागदाचा तो काळा-पांढरा चौकोन लागला. त्याविषयी गळे काढण्याचे कारण नाही. सुट्ट्यांची कटकट गेली, भाजीवालीच्या खात्यात पैसे थेट जाऊ लागले, तिच्या हाती व्यवहाराची नोंद आली. ही देशाने अभिमान बाळगावा अशी व्यवस्था आहे. परंतु पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून ती कशी दिसते, याचा विचार कोणी केला आहे का? बाबा फोन चौकोनासमोर धरतात, खोक्यातून एक आवाज रक्कम सांगतो आणि वस्तू हातात येते. काही दिले गेले, काही कमी झाले, हे त्याला दिसतच नाही. पाकिटातली शेवटची नोट संपताना मुलाला दिसत असे; खात्यातला शेवटचा रुपया संपताना दिसत नाही. ‘आता पैसे नाहीत’ असे सांगितले की ‘मग फोनवरून दे’ असे उत्तर येते, ते त्यामुळेच. त्याच्या दृष्टीने ते उत्तर तर्कशुद्धच आहे. पूर्वी नाणे स्वतःहून जे शिकवीत असे, ते आता घराला बोलून, दाखवून शिकवावे लागणार आहे, आणि नेमके बोलण्याचीच सवय घराला नाही.

या शिक्षणाची सुरुवात कुठे करावी, हे मात्र परंपरेने ठरवून ठेवले आहे. पाहुणे निघताना मुलाच्या हातावर खाऊचे पैसे ठेवतात. भाऊबीज असते, मुंजीतले आहेर असतात, आजोबांनी वाढदिवसाला दिलेली कोरी नोट असते. मुलाच्या आयुष्यातली ही पहिली मालमत्ता. तिचे पुढे काय होते? पाहुणे जिना उतरेपर्यंत ‘दे, मी ठेवून देते’ असे म्हणत आई ती नोट घेते आणि ती नोट पुन्हा कोणाला दिसत नाही. ती दूधवाल्याच्या बिलात जाते, किंवा त्याच पाहुण्यांच्या घरी द्यायच्या पाकिटात जाते. घेणाऱ्याच्या मनात काहीही वाईट नसते; मुलाचा खर्च शेवटी घरच करते, हेही खरेच. तरीही मुलाने त्यातून शिकायचे ते शिकलेलेच असते. ठेवून दिलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून हातात आहेत तोवर उडवावेत.

अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक छोटासा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांपैकी निम्म्यांना मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळल्याचा अनुभव दिला, निम्म्यांना शब्द मोडल्याचा. मग प्रत्येकासमोर एक गोड पदार्थ ठेवून, थांबलास तर दोन मिळतील, असे सांगितले. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. शब्द मोडला गेलेली तीनच मिनिटे. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण एक गोष्ट तो चांगली दाखवितो. धीर नसणे हा दर वेळी मुलाचा स्वभावदोष नसतो; पुष्कळदा तो त्याने मोठ्यांविषयी अनुभवाने काढलेला निष्कर्ष असतो. बचतीचे पहिले भांडवल म्हणजे आई-वडिलांचा शब्द.

म्हणून खाऊच्या पैशांची वही असावी. दुमडलेल्या कागदांची चालेल. तारीख, कोणी दिले, किती दिले, शिल्लक किती. लिहिता येत नसेल तोवर मुलाने सांगावे आणि आईने किंवा आजोबांनी लिहावे. घराला अडचणीत ते पैसे लागले, तर मुलाला विचारून उसने घ्यावेत, वहीत तसे लिहावे आणि ठरल्या दिवशी परत करावेत. सात वर्षांच्या मुलाकडून शंभर रुपये उसने घेताना बापाला हसू येईल. मुलाला येणार नाही. केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड व्हाइटब्रेड आणि स्यू बिंगहॅम यांनी २०१३ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, पैशाविषयीच्या वर्तनामागच्या बऱ्याचशा सवयी सातव्या वर्षापर्यंत आकार घेतात, असे म्हटले होते. पुढे काहीच बदलत नाही असा त्याचा अर्थ नाही. पण मौंजीबंधनाचे वय आठ का ठरविले गेले असेल, याचा विचार करणाऱ्यांना त्यात नवल वाटू नये.

पहिली-दुसरीपासून आठवड्याचा छोटा हातखर्च सुरू करता येतो. रक्कम किती हे प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीने ठरवावे. शेजारच्या मुलाला किती मिळतात हा निकष होऊ शकत नाही. मात्र ती नाण्यांत आणि नोटांत द्यावी, ठरल्या वारी द्यावी, आणि एकदा दिल्यावर तिच्यावर देखरेख करू नये. इथेच बहुतेक घरे डगमगतात. मुलगा सोमवारीच सगळे पैसे चिकट गोळ्यांत घालवितो, गुरुवारी पेन्सिलीच्या टोकाला लावायची रबरी वाघाची मूर्ती दुकानात येते, आणि रडारड सुरू होते. आजीचा हात कनवटीला जातो. तो अडविणे अवघड आहे, पण अडवायला हवा. वीस रुपयांची चूक सातव्या वर्षी करू दिली नाही, तर ती पुढे सत्ताविसाव्या वर्षी वीस लाखांची होऊन येते आणि तेव्हा आजी नसते.

साठा संपण्याच्या या धड्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्राहून चांगला पाठ शोधून सापडणार नाही. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराचे जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेले हे पत्र प्रसिद्ध आहे. त्यातली रयतेला त्रास न देण्याची ताकीद सगळ्यांना पाठ असते. पण पत्राचा मोठा भाग हिशेबाचा आहे. पावसाळ्यासाठी दाणा, वैरण साठविलेली आहे. आहे तोवर मनमानी खर्च केला तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि मग लोक रयतेला त्रास देऊ लागतील. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर वात पळवील आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत राजाचे लक्ष आहे. मिळणारे एकदाच मिळणार, पुरवायचे शेवटच्या दिवसापर्यंत, आणि आपण उधळले तर भोगणार दुसराच. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला याहून वेगळे काय सांगायचे असते? दहा वर्षांच्या मुलाला हे पत्र वाचून दाखवावे आणि मग त्याच्या आठवड्याच्या पैशांची गोष्ट काढावी. त्याला जोड आपोआप दिसते.

हातखर्च आणि घरकाम यांची सांगड घालण्याची टूम अलीकडे निघाली आहे. ताट उचलले की पाच रुपये, झाडांना पाणी घातले की दहा, परीक्षेत नव्वद टक्के मिळाले की सायकल. कष्टाशिवाय पैसा नाही, हे यातून मुलाला कळते, असे तिचे समर्थन केले जाते. यात घोटाळा आहे. घरातले काम हा घरात राहण्याचा भाग आहे, नोकरी नव्हे. आजारी आजीला पाणी नेऊन देण्याचे पाच रुपये मिळाले, तर पाणी देण्याचा भाव ठरतो. आणि भाव ठरला की ‘आज नको आहेत मला पाच रुपये’ असे म्हणण्याचा हक्कही येतो. कष्टाची किंमत कळावी असे वाटत असेल, तर घरच्या नेहमीच्या कामांबाहेरचे काही काढावे. रद्दी बांधून, वजन करून, विकून आणणे, दिवाळीत हाताने केलेली शुभेच्छापत्रे ओळखीपाळखीत विकणे. त्यातला कागदाचा आणि रंगांचा खर्च वजा करायला लावावा. नफा म्हणजे हाती आलेली सगळी रक्कम नव्हे, हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही कळलेले नसते.

यापुढची पायरी घराचा हिशेब मुलांसमोर मांडण्याची. पगाराचा नेमका आकडा सहा वर्षांच्या मुलाला सांगण्याची गरज नाही. तो दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये जाहीर होईल. पण शंभर सुट्या नाण्यांची रास चटईवर मांडून, घरात येणाऱ्या दर शंभरातले इतके हप्त्याला, इतके किराण्याला, इतके शाळेला, इतके आजोबांच्या औषधाला, असे ढीग करून दाखविता येतात. शेवटी उरलेला लहानसा ढीग पाहिल्यावर मूल जे प्रश्न विचारते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात. ‘हप्त्याचा ढीग एवढा मोठा का?’ या प्रश्नावर व्याजाचा पहिला पाठ होतो. ‘यातले आपण कोणाला देत नाही का?’ असाही प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर तयार नसेल तर पालकांची पंचाईत होते.

ज्या घरात नोकरी गेली आहे, धंदा बसला आहे, पीक हातचे गेले आहे, तिथे तर हे बोलणे अधिकच अगत्याचे. ‘या वर्षी सहल नाही, कारण पैसे कमी आहेत, आणि आपण सगळे मिळून यातून निघणार आहोत’ हे वाक्य मूल झेलू शकते. ‘सहल नाही, कारण तू अभ्यास करीत नाहीस’ हे खोटे कारण त्याला आतून पोखरते. शेतकऱ्याच्या, हातगाडीवाल्याच्या मुलांना हे शिकवावे लागत नाही. बाजारात टोमॅटोचा भाव पडला की संध्याकाळी ताटात काय पडते हे ती पाहत असतात. चुलीपाशी बसून ऐकलेले ते अर्थशास्त्र सुखवस्तू घरांना मुद्दाम बसून सांगावे लागते, एवढाच फरक.

घरातल्या मौनाची किंमत किती मोठी आहे, याचा एक पुरावा रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात आहे. दहा वर्षांहून अधिक काळ कोणी हात न लावल्याने ठेवीदार जागरूकता निधीत जमा झालेल्या रकमा मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये होत्या. त्या शोधण्यासाठी बँकेला ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ काढावे लागले. या रकमा इथवर येण्याची कारणे अनेक असतील. पण कर्ता पुरुष गेला आणि ठेव कुठे आहे हे मागे कोणालाच ठाऊक नव्हते, अशी घरे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. पावत्यांचा डबा उघडण्यासाठी तेराव्या दिवसाची वाट पाहणारी ही रीत बायका आणि मुलींच्या वाट्याला अधिक येते. सुकन्या समृद्धी योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. दहा वर्षांखालील मुलीच्या नावाने पालकाने उघडायचे हे खाते वर्षाला किमान २५० रुपयांवर चालते आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की ते तिने स्वतः चालवायचे असते. तिच्या नावाचे पासबुक तिने कधी हातात घेतले आहे का? एरवी वर्षाच्या अखेरीस ते भरून आणायला वडील एकटेच जातात. तिला बरोबर नेले, रांगेत उभे केले, स्लिप तिच्याकडून लिहवून घेतली, तर त्या दिवसाची एक शाळा बुडाली तरी चालेल.

मुलांच्या खात्यांविषयीच्या त्याच नियमांत रिझर्व्ह बँकेची आणखी एक अट आहे. अल्पवयीनाचे खाते कधीही उणे होता कामा नये. त्यात शिल्लक असलीच पाहिजे. मुलासाठी हा नियम आणि त्याच्या पालकांच्या खिशात मात्र तीन क्रेडिट कार्डे, अशी आजची अवस्था आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला चक्रवाढीचे गणित शाळेत येतेच. त्याला एकच उदाहरण घरी सोडवू द्यावे. कार्डाचे हजार रुपये थकले, व्याज महिना साडेतीन टक्के, वर्षभर काहीच भरले नाही. तर देणे किती? दंड आणि कर सोडूनही उत्तर सुमारे १,५११ रुपये येते. मग दुसरे उदाहरण. हजार रुपये वर्षाला सात टक्क्यांनी ठेवले, तर दुप्पट व्हायला किती वर्षे? साधारण दहा. ही दोन उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहिली की पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा करून पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली. अनेक घरे उद्ध्वस्त झाल्यावर ती आली. पण ज्या खेळांत पैसे लावावे लागत नाहीत, त्यांतही हत्यारे, पोशाख आणि हिरे विकत घेण्याची सोय असते आणि ती दहा वर्षांच्या मुलासाठीच रचलेली असते. तिथे कायदा पुरा पडणार नाही. मुलाला वडिलांच्या फोनचा पिन ठाऊक असणे ही कौतुकाने सांगायची गोष्ट राहिलेली नाही. पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे एक वाक्य घरातल्या लहानांना आणि आजी-आजोबांना एकाच वेळी बसवून सांगितले, तर ती पाच मिनिटे सत्कारणी लागतील.

पैसा शिकविताना काय शिकवू नये, हेही पाहावे लागते. मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट्याने पैसे मोजणारे वडील कोथिंबिरीच्या जुडीसाठी म्हातारीशी दोन रुपयांवरून वाद घालतात, तेव्हा मूल शेजारी उभे असते. काटकसर आणि कद्रूपणा यांतली रेघ त्याला तिथेच कळते, किंवा कायमची पुसली जाते. दानाचेही तसेच. आरतीच्या ताटात टाकण्यासाठी आईने ऐन वेळी हातात कोंबलेले नाणे हे मुलाचे दान नव्हे. ते फक्त पोचविण्याचे काम. त्याच्या वहीतल्या शिलकीतून, त्याने स्वतः ठरवून, दिल्यावर आपल्याकडे कमी होणार हे ठाऊक असताना जे दिले जाते, ते त्याचे.

सार्वजनिक पैशाचा पहिला अनुभव मुलांना वर्गणीतून येतो. गणपती असोत वा दिवाळीतला किल्ला, सोसायटीतली मुले पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. संघटनेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते की शिबिराच्या शुल्कातल्या एका रुपयाचाही हिशेब लागेपर्यंत रात्री उठता येत नाही. हीच शिस्त या मुलांना लावता येण्यासारखी आहे, आणि त्यासाठी मोठ्यांनी हिशेब लिहून देण्याची गरज नाही. जमा किती, माती, विटा, मावळे, पणत्या यांचा खर्च किती, शिल्लक किती, हे त्यांनीच एका कागदावर लिहावे आणि जिन्याखालच्या फलकावर लावावे. वर्गणी देणाऱ्यांनी थांबून तो वाचावा आणि बेरीज चुकली असेल तर तिथेच दाखवावी. शेवटी चाळीस रुपये उरतील. ते पुढच्या वर्षासाठी ठेवायचे, रखवालदाराच्या मुलाला फटाके आणायचे की सगळ्यांनी भेळ खायची, यावर मुले तासभर भांडतील. मोठ्यांनी त्यात पडू नये.